टर्बोतलं किटण

गाडी हयगयीने बिघडते असा एक सर्वसाधारण समज आहे. माझी गाडी काळजीने बिघडली. गेली सहा वर्षं मी ती ताशी चाळीसच्या वर नेलेली नाही. पेंढा भरलेले टेम्पो मला मागे टाकून जातात आणि पेंढ्यावर बसलेली माणसं वळून वळून माझ्याकडे कीव आल्यासारखी बघतात. घाट चढून वर पोचलो की त्याच क्षणी मी इंजिन बंद करतो, म्हणजे डिझेल वाचतं. ऑइल दहा हजार किलोमीटरला बदला असं पुस्तकात लिहिलंय, पण ते ऑइल विकणाऱ्यांचं कारस्थान आहे हे ओळखून मी ते बावीस हजारांपर्यंत ताणलं. या तिन्ही गोष्टींचा मला अभिमान होता आणि चारचौघांत मी तो बोलूनही दाखवत असे.

"सर, ह्या तिनांमुळंच टर्बो गेलाय," असं रमजानभाई मला म्हणाले, तेव्हा मला काय वाटलं असेल त्याची कल्पना करा.

रमजानभाईंचं महाडला गॅरेज आहे. अकरा वर्षं आखातात दोह्याला मोठमोठ्या गाड्या दुरुस्त करून ते परत आले, आणि नशिबाने त्यांना माझी गाडी दाखवली. मी महाडच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. बावीस वर्षं परीक्षानळ्या धुतोय, पण शाळेत मला शिपायापासून मुख्याध्यापिकेपर्यंत सगळे 'सकपाळ' म्हणतात. मला 'सर' म्हणणारा महाड तालुक्यात एकच माणूस, तो म्हणजे रमजानभाई. त्यामुळे त्यांच्या तोंडून निदान ऐकताना अपमान जास्त लागला.

टर्बो म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण विस्ताराने मलाही येत नाही. इंजिनातून जो धूर बाहेर पडतो त्याच्या जोरावर एक चक्र फिरतं आणि ते इंजिनात जादा हवा कोंबतं. हवा आली की जोर येतो. हे चक्र तेलावर फिरतं. ते तेल जुनं झालं, किंवा गाडी तापलेली असताना फटकन बंद केली, की आतल्या आत जळतं आणि काळं होऊन चिकटून बसतं.

"म्हणजे समईला धरतं तसं किटण," मी म्हणालो.

"तुम्ही किटण म्हणा, आम्ही कार्बन म्हणतो. आतली पाती हलत नायत, त्याला काय नाव देऊन उपेग?" रमजानभाई म्हणाले. "आणि सर, टर्बोला मधनं मधनं जोरात पळवावा लागतो. तुम्ही गाडी चालवली नाय, नुसती मिरवलीत."

एरवी मी गाडी तशीच मिरवत ठेवली असती. महाडच्या सपाटीवर ती चालत होती. अडचण शनिवारची होती.

माझ्या सासूबाई, सोनाबाई, कुडपणला राहतात. कुडपण पोलादपूर तालुक्यात, डोंगराच्या पार माथ्यावर. तिथे जाणारा रस्ता रस्त्यासारखा कमी आणि शिडीसारखा जास्त आहे. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. गेल्या दिवाळीत त्यांनी चुलीतलं लाकूड समजून स्वतःच्याच हातातली फुंकणी आत सारली आणि मनगट भाजून घेतलं. उज्वला, म्हणजे माझी बायको, समोर जाऊन उभी राहिली तर त्या आधी तिचा चेहरा हाताने चाचपायच्या आणि मग "आलीस गो?" म्हणायच्या. उज्वला परत येताना गाडीत खिडकीकडे तोंड करून बसत असे.

महाडला मुंबईचे डॉक्टर येऊन ऑपरेशनचं शिबिर घेतात. सासूबाईंच्या दोन तारखा आधीच हुकल्या होत्या. पहिल्यांदा माझ्या गाडीचा क्लच गेला, दुसऱ्यांदा मी 'परीक्षा आहे' म्हणून पुढे ढकललं. परीक्षा होती हे खरं, पण प्रात्यक्षिकाची नव्हती. आता शनिवारी अकराच्या आत त्यांना हजर केलं नाही, तर पुढची तारीख पावसाळ्यानंतर. तोवर मोतीबिंदू फुटला तर डोळा कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी उज्वलाला सरळ सांगितलं होतं.

"आपण पोलादपुरातून जीप सांगू," मी म्हणालो.

"आईने सगळ्या वाडीत सांगून ठेवलंय, जावई गाडी घेऊन येणार म्हणून. भाड्याच्या जीपमध्ये ती पाय ठेवणार नाही. दोनदा ती नेसून, पिशवी भरून ओट्यावर बसली होती, अहो. संध्याकाळपर्यंत."

एवढं बोलून उज्वला भाजी चिरायला लागली. तिने आवाज चढवला असता तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

सोमवारी रमजानभाईंनी टर्बो उतरवला. भाचीच्या लग्नासाठी ते म्हसळ्याला निघाले होते, ते शुक्रवारी सकाळी परतणार. "तवर साफ करून ठेवलात तर दुपारपर्यंत बसवून देतो," ते म्हणाले. "दोन दिवस डिझेलमधी भिजवा. लाकडानं खरवडा. लोखंड लावू नका, ॲसिड लावू नका. अर्धा ॲल्युमिनियम हाय." मी त्यांना आठवण करून दिली की मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काढली आहेत. त्यावर ते म्हणाले, "म्हणून तर सांगतो."

टर्बो दिसायला अगदी शंखासारखा. पिशवीत घालून जिना चढत होतो तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या प्रयागबाईंनी त्याला नमस्कार केला. नंतर त्यांना वास आला. प्रयागबाई आळीतल्या देवळाच्या समया गेली तीस वर्षं घासतात, त्यामुळे किटण या विषयात त्यांचा अधिकार मोठा.

"चिंच लाव भाऊ, आणि रांगोळी."

"प्रयागबाई, हे पितळ नाही."

"मग रे काय? किटण ते किटणच. आणि खरवडायचं तर बांबूची कामटी घे, ओली करून. सुकी कामटी मोडते नि आत अडकते."

वरच्या मजल्यावरचा ओंकार एमआयडीसीतल्या कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज आहे. तो म्हणाला, "काका, आमच्या प्लँटमधलं एक ॲसिड सांगतो. पाच मिनिटांत साफ."

"किटण साफ होईल की टर्बो?"

यावर तो विचार करायला लागला आणि तो अजून करतोय. त्याच्या मागोमाग दोघे जण टर्बो बघायला आले. त्यातल्या एकाने तो काढून टाकून नुसती गाडी चालवावी असं सुचवलं, कारण त्याच्या आजोबांच्या जीपला टर्बो नव्हता आणि ती जीप अजून आहे. कुठे आहे विचारलं तर म्हणाला, परसात, तिच्यावर दुधीचा वेल सोडलाय.

डिझेलची बादली न्हाणीघरात ठेवायला उज्वलाने साफ नकार दिला. म्हणून मंगळवारी मी टर्बो शाळेत नेला, आणि इथून पुढे जे झालं त्याबद्दल मी शिक्षणाला जबाबदार धरतो.

प्रयोगशाळेत बेडूक चिरायचे जुने ट्रे आहेत. बेडूक बंद झाल्यापासून त्यांना काम नव्हतं. एका ट्रेमध्ये मी टर्बो खोलून डिझेलमध्ये भिजत घातला. मंगळवार, बुधवार, आणि गुरुवारी सकाळी, जेवणाच्या सुट्टीत आणि मोकळ्या तासाला बसून मी ओल्या कामटीने एकेक पातं खरवडलं. चिंचेचा सल्ला सोडला तर प्रयागबाईंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर निघालं. किटणाचे पापुद्रे निघत होते. माझी नखं काळी झाली, दोन बोटं कापली, हाताला असा वास सुटला की डबा चमच्याने खावा लागला. पण गुरुवारी दुपारी सगळी पाती बोटाने ढकलली तशी सुळकन फिरली. बावीस वर्षांत माझ्या हातून त्या प्रयोगशाळेत यशस्वी झालेला हा पहिला प्रयोग. मी टर्बो जोडला, पुसला आणि पांढऱ्या कागदावर टेबलाच्या मधोमध ठेवून जरा लांबून बघत उभा राहिलो. तिथेच चुकलं. तो पिशवीत असता तर काही झालं नसतं.

कारण त्याच वेळी दारातून तपासणीचे साहेब आत आले. त्यांच्यामागे आमच्या मुख्याध्यापिका सारिका मॅडम.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी हाडांच्या सापळ्याकडे बघितलं.

"विज्ञान प्रदर्शनाचं मॉडेल, सर," मॅडम म्हणाल्या. बाई हुशार आहेत. मी या शाळेत लागलो तेव्हा त्या इथेच सातवीत होत्या, आणि तेव्हाही त्यांना उत्तर आलं नाही असं कधी झालं नव्हतं.

साहेब खूश झाले. टर्बो फिरवून बघितला. "वा. नाहीतर सगळीकडे थर्माकोलचे ज्वालामुखी. याची मृतसाठ्याला नोंद दाखवा."

मृतसाठा नोंदवही म्हणजे शाळेतल्या प्रत्येक टिकाऊ वस्तूची जन्मकुंडली. इथे 'मृत' शब्दाला कोणी फसू नये. त्या वहीत एकदा गेलेली वस्तू मरत नाही. एकोणीसशे बासष्ट सालचा एक मोडका दुर्बिणीचा पाय तिच्यात आजही सुखरूप आहे. नोंद नाही म्हटल्यावर साहेबांचा चेहरा बदलला. नोंद नसलेली वस्तू शाळेत सापडणं म्हणजे गंभीर बाब, असं ते म्हणाले. तेव्हा ती गंभीर बाब मिटवण्यासाठी माझ्याकडूनच, माझ्या वळणदार अक्षरात, नोंद करून घेण्यात आली: 'टर्बो, नग एक, चालू स्थितीत.' साहेबांनी सही केली. मग नियमाप्रमाणे मी पांढऱ्या ऑइलपेंटने टर्बोच्या पोटावर 'मृ. सा. ४१७' असं लिहिलं आणि तो काचेच्या कपाटात गेला. किल्ली मॅडमकडे.

साहेबांची जीप फाटकाबाहेर पडल्यावर मी मॅडमच्या टेबलासमोर उभा राहिलो.

"मॅडम, माझं इंजिन."

"इंजिनाचा भाग म्हणा, सकपाळ. आणि आता तो शाळेचा आहे. बाहेर काढायचा तर निर्लेखन करावं लागेल. तीन जणांची समिती, ठराव, मग वरून मंजुरी."

"मग करू."

"निर्लेखन निरुपयोगी वस्तूचं होतं. तुम्ही 'चालू स्थितीत' लिहिलंय."

माझ्या अक्षराचा मला आयुष्यात इतका राग कधी आला नव्हता. मी म्हणालो, मॅडम, आत्ता न्यायला द्या, निरुपयोगीच हवा असेल तर रविवारी मी स्वतः फोडून आणीन. मग काय झालं कोण जाणे, मी त्यांना सगळं सांगितलं. मनगट भाजलेलं, दोनदा ओट्यावर बसून राहिलेली बाई, शनिवारचे अकरा. उज्वला खिडकीकडे तोंड करून बसते तेही सांगितलं. ते आजवर मी कोणाला सांगितलं नव्हतं. मॅडम थोडा वेळ पेनाचं टोपण काढत घालत बसल्या.

"कुडपणला जिल्हा परिषदेची शाळा आहे ना?"

"आहे. बारा मुलं."

"साहित्य दुसऱ्या शाळेला प्रात्यक्षिकासाठी देता येतं. परत करण्याच्या अटीवर. कधी परत करायचं, कसं न्यायचं याबद्दल नियमात काही नाही. पिशवीतून न्या, नाहीतर गाडीत बसवून न्या."

मी त्यांच्या पाया पडायचा बाकी होतो. त्यांनी लगेच पत्र टाइप केलं, जावक क्रमांक घातला, आणि वर म्हणाल्या, "प्रात्यक्षिक मात्र खरंच करायचं. मला गुरुजींची सही, शिक्का आणि फोटो पाहिजे."

शुक्रवारी दुपारी रमजानभाईंनी टर्बो हातात घेतला, पोटावरचा नंबर वाचला, आणि मला काही विचारलं नाही. दोह्यात माणूस बरंच शिकून येतो. बसवून झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "सर, सायलेन्सरमधी जुना तेल साचलाय. पहिल्यांदा धूर काढील. घाबरू नका. आणि चाळीसनं जाऊ नका, तुमच्या पाया पडतो."

शनिवारी पहाटे मी आणि उज्वला निघालो. पोलादपूर सोडेपर्यंत गाडी गुणी होती. कापडे गावाच्या अलीकडे मी रमजानभाईंना स्मरून पाय दाबला. टर्बोने शीळ घातली आणि पाठीमागून असा पांढरा लोट निघाला की आरशात महाराष्ट्र दिसेना. कापड्यात दोन जण कळशी घेऊन धावत आले. त्यांना आमचं काही पेटलेलं नाही हे पटवण्यात पाच मिनिटं गेली. ते निराश होऊन परत गेले. उमरठच्या फाट्यापर्यंत धूर संपला, आणि मग चढ लागला. मी गिअर बदलला आणि गाडी, खोटं सांगत नाही, वर उचलल्यासारखी गेली. गेली सहा वर्षं ती हे करू शकत होती आणि मी तिला करू दिलं नव्हतं. मला थोडी लाज वाटली.

सासूबाई नेसून, पिशवी घेऊन ओट्यावर बसल्याच होत्या. वाडीतल्या बायका जमल्या होत्या. "जावय आले माझे," त्या जराशा चुकीच्या दिशेला बघत म्हणाल्या. उज्वलाने त्यांना हात धरून गाडीत बसवलं. पावणेआठ वाजले होते.

शनिवारची सकाळची शाळा. गुरुजींनी पत्र दोनदा वाचलं, बारा मुलांना गाडीभोवती गोल उभं केलं आणि मला बॉनेट उघडायला सांगितलं. टर्बो तिथे नेमका तळाशी, दिसतो फक्त 'मृ. सा. ४१७'. मी बोलायला सुरुवात केली. बावीस वर्षांत मला कोणी शिकवायला सांगितलं नव्हतं. धूर, चक्र, हवा, जोर, सगळं सांगितलं. एका मुलीने विचारलं, "सर, मग तेल जळेपर्यंत बदलला का नाय?" गुरुजींनी तिला शाबासकी दिली. मी नाही दिली, पण ती मला 'सर' म्हणाली होती म्हणून काही बोललोही नाही.

मग फोटो. फोटो काढून झाला, पण तो पोर्टलवर चढवायचा, आणि रेंज वाडीच्या त्या टोकाच्या आंब्याखाली. गुरुजी म्हणाले, फोटो चढला की शिक्का. ते आंब्याकडे चालायला लागले. साडेआठ झाले. उज्वलाचा हात दाराच्या कडीवर घट्ट झाला होता. तेवढ्यात मागची काच खाली आली.

"गुरुजी," सासूबाई आतून म्हणाल्या, "मला ह्या वक्ताला तुम्ही बी दिसत नाय नि तुमचा आंबा बी दिसत नाय. शिक्का मारा. दिसाया लागला की मी सोता येऊन फोटो बगन."

गुरुजींनी परत येऊन बॉनेटवरच शिक्का मारला.

अकराला आठ मिनिटं असताना आम्ही महाडला शिबिराच्या दारात होतो. मी मुद्दाम इंजिन एक मिनिट चालू ठेवलं आणि मग बंद केलं. दुपारी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डावा पुढच्या खेपेला.

रविवारी सकाळी पट्टी काढली. मी दारापाशी उभा होतो. सासूबाईंनी डोळा दोनदा मिटला, उघडला आणि उज्वलाकडे बघितलं. या वेळी हात पुढे केला नाही. नुसतं बघत राहिल्या. "किती बारीक झालीस गो," त्या म्हणाल्या, आणि उज्वला रडली. मलाही भरून आलं, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

काळा चष्मा देऊन त्यांना सोडलं. मी ऐटीत गाडी दारात आणली. सासूबाई पायरीवर थांबल्या. चष्मा जरा खाली करून, उघडलेल्या डोळ्याने त्यांनी गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मी इतका वेळ टाळली. माझ्या पांढऱ्या गाडीचा एक दरवाजा हिरवा आहे. पुढचा बंपर सुतळीने बांधलेला आहे. छताला गंज आहे आणि मागच्या एका दिव्याच्या जागी पुठ्ठा.

"ही?" सासूबाई म्हणाल्या.

"ही," उज्वला म्हणाली.

"ह्यातनं मी वाडीच्या देखत आले?"

उज्वलाने मागचं दार उघडलं.

"रिक्षा बोलव गो. मी ह्यात बसणार नाय."

मी चालकाचं दार धरून उभा राहिलो. सासूबाईंनी मग माझ्याकडे बघितलं, आणि बघता बघता त्यांची नजर माझ्या हातांवर आली. दोन बोटांना चिकटपट्ट्या, आणि नखं घासघासून धुऊनही काळीच.

"हातांना काय झाला?"

"किटण आहे, आई," उज्वला म्हणाली. "तुला आणायला तीन दिवस बसून खरवडत होते. एकेक पातं."

सासूबाई बराच वेळ माझ्या नखांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पिशवी उज्वलाच्या हातात दिली, उजव्या डोळ्यासमोर तळहात आडवा धरला, आणि जुन्या, पिकलेल्या डोळ्याने गाडीकडे पुन्हा एकदा बघितलं.

"ह्या डोळ्यानं झ्याक दिसते," त्या म्हणाल्या. "चला जावयबापू."

आमचं घर तिथून दहा मिनिटांवर आहे. घर येईपर्यंत त्यांनी तो हात खाली घेतला नाही.